कावसजी

कावसजी हे १८व्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेबरोबर बैल हाकण्याचे काम करणारे मराठा शेतकरी होते. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले आणि तेथे त्यांचे नाक व एक हात कापण्यात आला. १७९३ साली पुण्याजवळ कुंभारकाम करणाऱ्या जातीतील एका शल्यकर्त्याने त्यांच्या कपाळाची कातडी वापरून त्यांना नवे नाक बसविले. या शस्त्रक्रियेचे वर्णन कावसजींच्या चित्रासह ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिन या मासिकात प्रसिद्ध झाले. युरोपातील शल्यकांना कपाळाच्या कातडीने नाक घडविण्याची भारतीय पद्धत मुख्यतः या वृत्तांतामुळे परिचित झाली. त्यामुळे सुघटन शल्यचिकित्सेच्या म्हणजे प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात कावसजींचे नाव आजही घेतले जाते.

नाव आणि समाज

कावसजी हे नाव वाचताच पारशी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. मात्र मूळ वृत्तांतात त्यांचा उल्लेख शेती करणाऱ्या जातीतील मराठा असा आहे. आजच्या भाषेत त्यांना कुणबी म्हणता येईल. त्या काळच्या मराठी घरांत कावजी हे नाव रूढ होते. शिवकाळातील कावजी कोंढाळकर हे त्याचे परिचित उदाहरण होय. मुंबईत पारशी व्यापाऱ्यांशी रोजचा संबंध असलेल्या इंग्रजांच्या कानांनी कावजीचे कावसजी केले असणे संभवनीय आहे. तरीही छापील वृत्तांतातील रूपच पुढे सर्वत्र रूढ झाले असल्याने या लेखातही तेच वापरले आहे.

त्यांच्या आयुष्याचा जो भाग इतिहासाला ठाऊक आहे तो जेमतेम तीन वर्षांचा आहे. कैदेपासून चित्रापर्यंतचा हा काळ एका पत्रात व एका चित्रात सामावला आहे.

युद्ध आणि कैद

तिसरे इंग्रज-म्हैसूर युद्ध १७९० ते १७९२ या काळात झाले. टिपू सुलतानाविरुद्ध ईस्ट इंडिया कंपनी, पेशवे आणि हैदराबादचा निजाम एकत्र आले होते. मराठ्यांच्या फौजा परशुरामभाऊ पटवर्धन व हरिपंत फडके यांच्या हाताखाली होत्या. या युद्धात बैलांचे महत्त्व तोफांपेक्षा कमी नव्हते. तोफा ओढणे, दारूगोळा वाहणे, धान्याच्या गोण्या छावणीपर्यंत पोहोचविणे ही सारी कामे बैलांवर अवलंबून होती. मे १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणाजवळ पोहोचूनही मागे फिरला. त्यामागचे एक मोठे कारण म्हणजे चाऱ्याअभावी व रोगाने त्याचे बैल मोठ्या संख्येने मेले होते. वेढ्याच्या जड तोफा त्याला जागीच निकामी करून टाकाव्या लागल्या. माघार घेणाऱ्या इंग्रजांना वाटेत मराठ्यांच्या फौजा येऊन मिळाल्या आणि त्यांच्या छावणीबरोबर आलेल्या बाजारामुळे इंग्रज सैनिकांच्या पोटात अन्न गेले. बंजाऱ्यांच्या बैलतांड्यांवर कंपनीच्या फौजेची धान्यपुरवठ्याची भिस्त होती.

कावसजी हे याच व्यवस्थेतील एक बैल हाकणारे. बैलांबरोबर चालणारी ही माणसे सैनिक नव्हती. त्यांच्याजवळ शस्त्र नसे आणि त्यांचा पगारही तुटपुंजा असे. परंतु शत्रूची रसद तोडणे हा युद्धाचा सोपा मार्ग असल्यामुळे धाड पडली की प्रथम तीच हाती सापडत. म्हैसूरचे घोडेस्वार छावणीच्या मागेपुढे घिरट्या घालून अशा लोकांना पकडत. पकडलेल्यांचे नाक-कान किंवा हात कापून त्यांना परत सोडण्यामागे बाकीच्यांनी धसका घेऊन काम सोडावे हा हेतू होता. बैल हाकणाऱ्याचा हात कापला की तो त्या कामाला कायमचा मुकतो.

कावसजींचे नाक व एक हात टिपूने कापला, असे छापील वृत्तांतात म्हटले आहे. १७९२ ते १७९९ या काळात इंग्लंडमध्ये टिपूच्या क्रौर्याविषयीचे लिखाण व चित्रे मोठ्या आवडीने वाचली-पाहिली जात, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. कावसजींच्या चित्राला मिळालेल्या प्रसिद्धीत या वातावरणाचाही वाटा होता. त्यामुळे त्यांच्या जखमा खोट्या ठरत नाहीत, पण त्यांची कथा लंडनला का पोहोचली आणि तशाच अवस्थेतील इतरांची का नाही, हे त्यावरून कळते.

जखमी अवस्थेत कावसजी श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाले. जनरल रॉबर्ट ॲबरक्रॉम्बी याच्या नेतृत्वाखालील ही फौज मलबार व कोडगू मार्गाने आली होती आणि फेब्रुवारी १७९२ मध्ये कॉर्नवॉलिसच्या सैन्याला मिळाली. मार्च १७९२ च्या तहाने युद्ध संपले. टिपूला अर्धे राज्य सोडावे लागले आणि दोन मुलगे ओलीस द्यावे लागले. कावसजींना कंपनीने निवृत्तिवेतन दिले.

नाकाविना वर्ष

यानंतर १२ महिन्यांहून अधिक काळ कावसजी नाकाविना राहिले. भारतीय समाजात या अवस्थेचा अर्थ जखमेपुरता मर्यादित नव्हता. नाक कापणे ही व्यभिचार, चोरी, फितुरी यांसाठी दिली जाणारी जुनी शिक्षा होती. नाशिक या गावाच्या नावाची सांगड लोक शूर्पणखेच्या कथेशी घालतात. मराठीत नाक कापले जाणे, नाक खाली होणे हे शब्दप्रयोग अब्रूविषयीच बोलतात. परक्या गावात नाक नसलेला माणूस दिसला की त्याने काही तरी केले असले पाहिजे असा समज आधीच तयार असे. आपण युद्धात पकडले गेलो होतो हे प्रत्येकाला सांगत बसणे शक्य नव्हते.

शारीरिक त्रासही कमी नसतो. नाकाच्या आतील पोकळीवर श्लेष्मल त्वचेचे ओलसर अस्तर असते. या अस्तराखालील रक्तवाहिन्यांच्या दाट जाळ्यामुळे आत येणारी हवा ऊबदार होते, तर त्यावरील श्लेष्मा हवेला ओलावा देतो व धूळ पकडून ठेवतो. बाहेरचे नाक गेले की हे अस्तर उघडे पडते. ते सुकते, त्यावर खपल्या धरतात आणि त्यांखाली दुर्गंधी व रक्तस्राव सुरू होतो. बोलण्याचा आवाजही बदलतो.

गंधाच्या बाबतीत परिस्थिती अधिक गुंतागुंतीची असते. वास ओळखणाऱ्या पेशी बाहेरच्या नाकात नसतात. त्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, नासापोकळीच्या छताशी, काही चौरस सेंटिमीटर एवढ्याच जागेत असतात. त्यांचे तंतू चाळणीसारख्या सच्छिद्र हाडातून थेट मेंदूत जातात. शिक्षा म्हणून कापले जाणारे नाक बहुधा कूर्चेचे, म्हणजे शेंड्याकडील, असे. गंधपेशी त्याच्या बऱ्याच वर सुरक्षित राहतात. तरीही अशा माणसाला वास फारसा येत नाही. अखंड नाकपुड्यांची ठेवण आत येणाऱ्या हवेचा काही भाग वरच्या दिशेने वळविते. नाक नसले की हवा सरळ घशाकडे जाते आणि गंधाचे कण छताशी पोहोचतच नाहीत. नाक गेलेल्या माणसाला कृत्रिम नाक बसविल्यास गंधज्ञान परत येते, हे फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ पिएर बेक्लार याने १९व्या शतकाच्या आरंभी निदर्शनास आणले. कावसजींच्या वेळी यातले काही लिहिले गेलेले नव्हते. त्यांच्याविषयीच्या वृत्तांतात नव्या नाकाच्या दिसण्याबद्दल सविस्तर मजकूर आहे, परंतु वासाविषयी एक शब्दही नाही.

पुण्याजवळची शस्त्रक्रिया

शस्त्रक्रिया १७९३ च्या मार्चच्या सुमारास झाली. ती करणारा मनुष्य वीट भाजणाऱ्या जातीचा, म्हणजे कुंभार, होता आणि पुण्याजवळ राहत होता, एवढे वृत्तांतात सांगितले आहे. ही शस्त्रक्रिया भारतात दुर्मीळ नसून फार पूर्वीपासून चालत आली आहे, असेही त्यात नमूद आहे. मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेतील टॉमस क्रूसो आणि जेम्स ट्रिंडले या दोघांनी अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. यातील दुसरे नाव छापताना चुकले असून ते फिंडले असावे असे मानले जाते. क्रूसो हे पुण्याच्या इंग्रज वकिलातीचे शल्यक होते.

प्रथम मेणाची पातळ चकती नाकाच्या उरलेल्या खुंटावर बसवून तिला नाकाचा आकार दिला जाई. मग ती चकती काढून सपाट केली जाई आणि कपाळावर ठेवून तिच्याभोवती रेघ ओढली जाई. रेघेच्या आतील कातडी सोलून मोकळी करताना दोन डोळ्यांच्या मधला एक अरुंद पट्टा न कापता तसाच ठेवत. पानाला देठातून रस मिळावा तसे या पट्ट्यातून नव्या नाकाला रक्त मिळत राही.

त्यानंतर खुंटावरील जुना व्रण खरवडून ताजा केला जाई. त्याच्या मागे, दोन्ही नाकपुड्यांच्या जागेभोवती व वरच्या ओठाच्या कडेने एक चीर घेतली जाई. कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणत व तिच्या कडा त्या चिरेत खोचत. टाके घालत नसत. कात पाण्यात मऊ करून तो कापडाच्या पट्ट्यांवर फासत व अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवून सांधा पक्का करत. खैराच्या लाकडापासून केलेला हा कात विड्याबरोबर घरोघरी असे. तो तुरट असल्यामुळे रक्त थांबवितो आणि सुकल्यावर घट्ट धरून ठेवतो. चार दिवसांनी या पट्ट्या काढून तुपात भिजविलेली कापडे ठेवली जात. पहिले पाच-सहा दिवस रुग्णाला उताणे निजवून ठेवत. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालत. २५व्या दिवसाच्या सुमारास डोळ्यांमधला देठ कापून टाकला जाई व नाकाचा आकार थोडा अधिक नीट करण्यात येई. हे सारे रुग्ण शुद्धीवर असताना चाले. बधिरीकरणासाठी ईथरचा जाहीर उपयोग १८४६ साली झाला, म्हणजे या घटनेनंतर ५३ वर्षांनी.

या पद्धतीचे मूळ बहुतेक वेळा सुश्रुतसंहितेत सांगितले जाते. ते अंशतः खरे आहे. सुश्रुताच्या नासासंधानात झाडाच्या पानाने माप घेतले जाते, पण कातडी गालावरून काढली जाते आणि नाकपुड्यांत दोन नळ्या ठेवल्या जातात. कपाळाची कातडी वापरण्याची रीत त्यानंतर कोठे तरी रूढ झाली. १७व्या शतकात हिंदुस्थानात राहिलेल्या निकोलाओ मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने विजापूरकडील शल्यकर्ते युद्धात नाक गमावलेल्यांना कपाळाच्या कातडीने नाक करून देत असल्याचे लिहिले आहे. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा येथेही हे काम करणारी घराणी होती. दख्खनमध्ये ही विद्या कुंभारांच्या हाती कशी आली याचा लेखी पुरावा नसला, तरी मेणाची चकती आकार देऊन पुन्हा सपाट करणे हे मातीच्या कारागिराला अपरिचित काम नाही.

चित्र आणि छापील वृत्तांत

जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने कावसजींचे चित्र काढले. वेल्स १७९१ मध्ये मुंबईत आला होता. पुण्यातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने तो पेशव्यांच्या दरबारी चित्रे काढत असे. सवाई माधवराव, नाना फडणवीस व महादजी शिंदे यांची चेहरेपट्टी आज ज्या चित्रांतून ओळखीची झाली आहे त्यांतील काही वेल्सची आहेत. शनिवारवाड्यात मॅलेटच्या पुढाकाराने सुरू झालेल्या चित्रशाळेत गंगाराम तांबट हे त्याच्या हाताखाली काम करत. पेशवे व सरदारांची चित्रे काढणाऱ्या या माणसाने एका हात तुटलेल्या बैलवाल्याला समोर बसवावे, ही गोष्ट तत्कालीन चित्रकलेत विरळाच होती. वेल्स १७९५ साली मरण पावला. त्याची मुलगी सुझाना हिच्याशी मॅलेटने पुढे विवाह केला.

कावसजींचा वृत्तांत बी. एल. अशी आद्याक्षरे असलेल्या पत्राच्या रूपाने छापला गेला. ही आद्याक्षरे कोणाची याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. बराक लाँगमेट हे नाव बहुधा सुचविले जाते. पत्राबरोबरच्या चित्रफलकात कावसजींच्या चेहऱ्याशिवाय मेणाच्या सपाट चकतीची आकृतीही होती. केवळ चमत्कारिक बातमी म्हणून हे पत्र विसरले गेले नाही, याचे श्रेय बऱ्याच अंशी या आकृतीला द्यावे लागते. तिच्या आधारे एखाद्या शल्यकाला ही क्रिया करून पाहणे शक्य होते. विल्यम नटर याने वेल्सच्या चित्रावरून केलेले उत्कीर्ण चित्रही लंडनमध्ये वेगळे प्रसिद्ध झाले.

युरोपातील परिणाम

युरोपात नाक घडविण्याची विद्या पूर्वी नव्हती असे नाही. इटलीतील बोलोन्या येथील गास्पारे तालियाकोत्सी याने १५९७ साली दंडाच्या कातडीने नाक करण्याच्या पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्यात रुग्णाचा दंड अनेक दिवस चेहऱ्याशी बांधून ठेवावा लागे. ही पद्धत त्याच्यानंतर लयाला गेली व चेष्टेचा विषय बनली.

जंटलमन्स मॅगझिनमधील वृत्तांत वाचून लंडनचा शल्यक जोसेफ कार्प्यू याने अनेक वर्षे प्रेतांवर सराव केला आणि हिंदुस्थानात राहून आलेल्यांकडून माहिती गोळा केली. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्याने एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली. यकृताच्या आजारावर घेतलेल्या पाऱ्याच्या औषधांमुळे त्या अधिकाऱ्याचे नाक झडले होते. दुसरा रुग्ण स्पेनमधील आल्बुएराच्या लढाईत तलवारीने नाक कापलेला अधिकारी होता. दोन्ही शस्त्रक्रिया यशस्वी झाल्या. १८१६ साली कार्प्यूने त्यांवर सचित्र पुस्तक लिहिले आणि भारतीय पद्धतीचे ऋण त्यात स्पष्टपणे मान्य केले. पुस्तकाचे जर्मन भाषांतर लगेच झाले. बर्लिनच्या कार्ल फर्डिनांड फोन ग्रेफे याने १८१८ मध्ये या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ऱ्हायनोप्लास्टी हा शब्द त्यातूनच रूढ झाला. पुण्याजवळच्या कुंभाराचे काम अशा रीतीने अवघ्या २५ वर्षांत युरोपातील विद्यापीठांत शिकविले जाऊ लागले.

आतील अस्तराचा प्रश्न

कावसजींच्या नाकाविषयीचे बहुतेक लेखन त्याच्या बाहेरच्या आकारावर थांबते. शल्यचिकित्सेच्या दृष्टीने मात्र या पद्धतीतील खरी अडचण आतल्या बाजूला होती. कपाळाची कातडी खाली वळविल्यावर तिची बाहेरची बाजू कातडीची असते, पण आतली बाजू उघड्या जखमेसारखी कच्ची राहते. कच्चा पृष्ठभाग भरून येताना व्रणऊती तयार होते आणि ती आकसते. काही महिन्यांत नाक लहान व गोळ्यासारखे होऊ लागते, नाकपुड्या अरुंद होतात, कधी कधी बंदही होतात. मग श्वास तोंडाने घ्यावा लागतो आणि गंध पुन्हा दुरावतो. कुंभाराच्या पद्धतीत दहाव्या दिवशी नाकपुड्यांत बोळे घालण्याची जी तरतूद होती ती याच धोक्यावरचा उपाय होय. वृत्तांतात तिचा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे. सुश्रुताच्या दोन नळ्यांचे कामही हेच असावे.

१९व्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे मोठे काम हिंदुस्थानातच झाले. जुनागढ येथे त्रिभुवनदास मोतीचंद शाह यांनी १८८९ साली नाकाच्या १०० शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. इंदूरच्या वकिलातीचा शल्यक डेनिस कीगन याने उरलेल्या नासास्थींवरील कातडीचे दोन तुकडे खाली उलटवून त्यांची कातडीची बाजू आत येईल असे बसविले आणि त्यांवर कपाळाची कातडी पांघरली. नव्या नाकाला यामुळे आतूनही अस्तर मिळाले. कीगनचे या विषयावरील पुस्तक १९०० साली आले. होळकरांच्या इंदुरात त्याच्याकडे येणारे रुग्ण युद्धकैदी नव्हते. त्यांत संशयी नवऱ्यांनी नाक कापलेल्या बायकांची संख्या मोठी होती. कावसजींच्या कथेत न दिसणारी ही बाजू आहे. या स्त्रियांपैकी एकीचेही चित्र कावसजींच्या चित्राएवढे प्रसिद्ध झाले नाही.

पहिल्या महायुद्धात खंदकांतील लढाईमुळे चेहऱ्याच्या जखमा प्रचंड प्रमाणात झाल्या. इंग्लंडमध्ये सिडकप येथील रुग्णालयात हॅरल्ड गिलीज याने अशा सैनिकांवर उपचार करताना आधी अस्तर, मग आधार आणि शेवटी वरची कातडी या क्रमाचा आग्रह धरला. आजही नाकाची मोठी हानी झाल्यास कपाळाची कातडीच प्रथम निवडली जाते, कारण तिचा रंग व जाडी नाकाशी जुळते. भुवईच्या आतल्या टोकाजवळून वर जाणारी एक लहान धमनी तिला रक्त पुरविते. देठ साधारण तीन आठवड्यांनी कापतात, म्हणजे पुण्याजवळच्या २५ दिवसांच्या जवळपासच. आतील अस्तरासाठी नासापटलावरील श्लेष्मल त्वचा किंवा शरीरावरील अन्य ठिकाणची कातडी वापरली जाते.

शल्यकाला नाकपुडीची वाट पुन्हा उघडता येते, पण गंध ओळखणारे अस्तर त्याला नव्याने तयार करता येत नाही. या अस्तराची सूक्ष्म रचना जर्मन शरीररचनातज्ज्ञ माक्स शुल्झे याने १८५६ ते १८६२ या काळातील लेखनात स्पष्ट केली. गंधपेशी या प्रत्यक्ष चेतापेशी असून त्यांचे एक टोक हवेच्या बाजूला व दुसरे मेंदूकडे जाते, हे त्याच्या निरीक्षणांतून पुढे आले. शरीरातील बहुतेक चेतापेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत; गंधपेशी मात्र तळाशी असलेल्या मूळ पेशींपासून आयुष्यभर नव्याने घडत राहतात. या पेशींवरील गंधग्राहकांची जनुके लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली शोधली व त्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

शल्यकर्त्याचे नाव

इंग्रजी लेखनात कावसजींच्या शल्यकर्त्याचे नाव कुमार असे काही ठिकाणी दिले जाते. मूळ पत्रात असे नाव नाही. कुम्हार म्हणजे कुंभार या जातिवाचक शब्दापासून हे नाव तयार झाले असावे. मराठीतही ते काही लेखांत जसेच्या तसे उतरले आहे. ते व्यक्तिनाम म्हणून वापरणे योग्य नाही. शस्त्रक्रिया पाहणाऱ्या दोन इंग्रजांची, चित्र काढणाऱ्याची आणि ते कोरणाऱ्याची नावे छापली गेली, परंतु सुरी ज्याच्या हातात होती त्याची केवळ जात नोंदली गेली.

नटरने केलेल्या उत्कीर्ण चित्राची प्रत लंडनच्या वेलकम संग्रहात आहे. जगभरातील सुघटन शल्यचिकित्सेच्या पाठ्यपुस्तकांत इतिहासाच्या प्रकरणात ते चित्र नेहमी छापले जाते. त्यात कपाळावरचा व्रण आणि त्याखालचे नवे नाक दिसते.